आईंची खुर्ची आणि ३.१

"ह्यो काय म्हणाला गं?"

आमच्या आई, म्हणजे सासूबाई, टीव्ही बघताना दर दोन मिनिटांनी हे विचारायच्या. मी सांगायची. तोवर पडद्यावरची बाई काहीतरी बोलून रडायला लागलेली असायची, मग ती का रडते तेही सांगायचं. रात्री आठ ते साडेनऊ मी घरात दुभाष्याचं काम करत होते, तेही मराठीतून मराठीत.

लाजेची गोष्ट अशी, की मी मिरजेतल्या एका रुग्णालयात श्रवणचाचण्या करते. बावीस वर्षं झाली. माणसाला त्या बंद खोलीत बसवायचं, कानावर हेडफोन द्यायचे, "टूं आवाज आला की बटण दाबा" म्हणायचं आणि कागदावर गोळे-फुल्या काढायच्या. उजव्या कानाचा गोळा, डाव्याची फुली. सांगली-कोल्हापूरपासून बेळगाव-विजापूरपर्यंतचे कान माझ्या हाताखालून गेले आणि घरातल्या दोन कानांसाठी मी काय केलं, तर रिमोटवरचा आवाज वाढवला.

त्यामुळे नवऱ्यानं होम थिएटरचा विषय काढला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. तो इतका चमकला की त्यानं मला दोनदा विचारलं. त्याला हेलिकॉप्टर डोक्यावरून जायला हवं होतं. मला आईंना शब्द कळायला हवे होते. दोघांच्या डोक्यात वेगवेगळी खरेदी होती, हे बाजारात गेल्यावर कळलं.

आधी आईंच्या कानाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. वय ७९. श्रवणचाचणीचा आलेख बघितला (हर्ट्झ म्हणजे सूर किती उंच त्याचं माप, आणि रेघ जितकी वर तितकं चांगलं ऐकू येतं) तर २५० आणि ५०० हर्ट्झला रेघ बऱ्यापैकी वर आहे, २००० ला उतरते आणि ४००० ला कड्यावरून खाली पडते. म्हातारपणाचा कान असाच जातो, वरून खाली. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि अंगानं दणकट. स, श, फ, थ ही मंडळी वरच्या पट्टीतली आणि मुळातच नाजूक. म्हणून आवाज येतो, शब्द कळत नाही. 'सात', 'साथ', 'हात', 'खात' या सगळ्यांचा आईंना 'आत' होतो. टीव्हीचा आवाज वाढवला की जे आधीच ऐकू येत होतं ते, म्हणजे स्वर, ढोल आणि पार्श्वसंगीत, आणखी चढतं. शिवाय अशा कानाची सहनशक्ती वाढलेली नसते. हळू बोललं तर ऐकू येत नाही, जरा मोठ्यानं बोललं तर "वराडतीस कशाला?" हा काही म्हातारीचा तिरसटपणा नाही. ऐकू येणं आणि सहन न होणं यांच्यातली फटच अरुंद झालेली असते. श्रवणयंत्र आहे. डब्यात आहे. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

हीच बाई तरुणपणी मिरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या गाण्याच्या सभेला पहाटेपर्यंत बसायची. तेव्हा कुठलं डॉल्बी आणि कुठलं काय.

तर आम्ही सांगलीला एका मोठ्या दुकानात गेलो. दुकानदारानं आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं. भिंतींना जाड कापड, खाली गालिचा, अकरा स्पीकर. त्यानं लढाईचा तुकडा लावला. गोळ्या मागून पुढं गेल्या, पाऊस छतावरून पडला, माझ्या खुर्चीचा तळ हलला. नवऱ्याचा चेहरा लग्नात बघितला नव्हता इतका प्रसन्न. मी म्हटलं, "आता जरा मराठी बातम्या लावता का?" दुकानदाराला वाटलं मी चेष्टा करतेय. मग फोनवरून लावल्या. निवेदिका स्वच्छ ऐकू आली, पण त्या खोलीत कोणीही स्वच्छ ऐकू आलं असतं. आमच्या हॉलमध्ये फरशी आहे, काचेचं शोकेस आहे आणि गॅलरीचं सरकतं दार आहे.

आकड्यांचा गोंधळ नवऱ्यानं मला गाडीत समजावला. पहिला आकडा कानाच्या पातळीवरच्या स्पीकरांचा, दुसरा सबवूफरचा (फक्त खालच्या पट्टीचा ढणढणाट काढणाऱ्या डब्याचा), तिसरा असला तर छताच्या आवाजाचा. ५.१ म्हणजे पुढे डावा, मधला, उजवा, बाजूला दोन सराउंड (आजूबाजूचा आवाज देणारे) आणि एक वूफर. ७.१ म्हणजे पाठीमागं आणखी दोन. ५.१.२ म्हणजे वर दोन. वरूनही आवाज देणारं हेच ते डॉल्बी ॲटमॉस. ते २०१२ साली चित्रपटगृहात आलं आणि २०१४ मध्ये घरात. वूफरला 'एक' न म्हणता 'पॉइंट एक' म्हणतात, कारण त्याच्या वाट्याला १२० हर्ट्झपर्यंतचाच खालचा पट्टा येतो. पुण्याहून लेकानं फोनवर निकाल दिला, "ॲटमॉसशिवाय काही घेऊ नका." हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलांना आईबापांच्या हॉलची लांबी-रुंदी कधीच आठवत नाही.

मी घरी येऊन टेप काढली. हॉल सोळा बाय अकरा, उंची दहा फूट. टीव्ही लांबट भिंतीवर, समोरच्या भिंतीला टेकून सोफा. सोफ्यावर बसलेल्याच्या कानापासून पडदा साधारण साडेआठ फूट. डावीकडे गॅलरीचं दार, उजवीकडे भिंतच नाही, स्वयंपाकघराकडे जाणारी कमान. आणि गॅलरीच्या दाराशी आईंची खुर्ची. ती खुर्ची हलत नाही. तिथून रस्ता दिसतो, वारा येतो आणि दूधवाल्याला हाक मारता येते.

७.१ तिथंच निकालात निघालं. मागचे दोन स्पीकर ऐकणाऱ्याच्या पाठीमागं, १३५ ते १५० अंशांत हवेत. आमच्या सोफ्यामागं भिंत आणि भिंतीमागं आमची झोपायची खोली. मागचे दोन आमच्या उशाशी लावावे लागले असते. वर तोंड करून छतावर आवाज आपटवणारे स्पीकर मिळतात, पण त्यांना वर सपाट, टणक छत लागतं. आमच्या छतावर २००९ सालचं पीओपीचं कमळ आहे आणि पाकळ्यांच्या मधोमध पंखा. आवाज त्या कमळावर आपटून कुठं गेला असता देव जाणे.

साउंडबारचा, म्हणजे टीव्हीखाली ठेवायच्या एकाच लांब स्पीकरपट्टीचा, विचार मी केला होता. टीव्हीच्या पाठीमागं किंवा खाली तोंड करून बसवलेल्या पापडाएवढ्या स्पीकरांपेक्षा तो केव्हाही बरा. घर भाड्याचं असतं तर तोच घेतला असता. नवऱ्याचं तोंड बघून तो विषय मी सोडला.

मग आम्ही घेतला ५.१. रिसीव्हर (सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारं यंत्र), पुढे दोन बुकशेल्फ (फळीवर मावतील असे छोटे उभे स्पीकर), त्यांच्याच कंपनीचा आडवा सेंटर, म्हणजे मधला, दोन छोटे सराउंड आणि दहा इंची वूफर. पंचाऐंशी हजार गेले. वायर दुकानदार 'फुकट' देत होता. नवऱ्यानं ब्लेडनं तिचं टोक खरवडलं तर तांब्याखाली चंदेरी निघालं. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम! ती तिथंच ठेवली आणि सोळा गेजची शुद्ध तांब्याची वेगळी आणली. या माणसाला भाजी कधी निवडून आणता आली नाही, पण वायर बरोबर ओळखली.

बसवण्याचा पहिला रविवार मजेत गेला. पुढचे दोन स्पीकर कुठं ठेवायचे ते आम्ही सुतळीनं ठरवलं. सोफ्याच्या मधोमध बसणाऱ्याच्या कानाशी एक टोक, एका स्पीकरशी दुसरं, तिथून दुसऱ्या स्पीकरपर्यंत तेवढीच सुतळी. तिन्ही बाजू सारख्या झाल्या की दोन्ही स्पीकर मधल्या रेषेपासून तीस-तीस अंशांवर येतात. कोनमापक लागत नाही. उंची अशी, की वरचा छोटा स्पीकर, ज्याला ट्वीटर म्हणतात तो, बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीला यावा. आमच्याकडे ते जमिनीपासून तीन फूट दोन इंच आलं. सराउंड ११० अंशांच्या आसपास, म्हणजे कानाच्या थोडं मागं असायला हवेत. सोफाच भिंतीला टेकलेला असल्यावर कानाच्या मागं जागा कुठली? ते बाजूला नव्वदवर लावले. डावा गॅलरीच्या दाराशेजारच्या भिंतीवर, उजवा कमानीच्या खांबाला.

रिसीव्हरसोबत एक मायक्रोफोन येतो. तो डोक्याच्या जागी ठेवायचा आणि सगळ्यांनी गप्प बसायचं. प्रत्येक स्पीकर 'फुर्र' करतो आणि यंत्र अंतर, पातळी वगैरे मोजून घेतं. आमचं तिसरं मोजमाप कुकरच्या शिट्टीत गेलं. चौथ्याला आई म्हणाल्या, "ह्यो कसला आवाज?" पाचव्याला जमलं. वूफरचं अंतर त्यानं टेपपेक्षा तीन फूट जास्त दाखवलं, त्यावर नवरा यंत्राला नावं ठेवत होता. वूफरच्या आतल्या जोडणीत आवाजाला जो उशीर होतो तो अंतरात धरून हा आकडा येतो, तो तसाच राहू द्यायचा. मात्र पुढच्या स्पीकरांना त्यानं 'लार्ज' (म्हणजे अगदी खालचा आवाजही त्यांनीच काढायचा) ठरवलं होतं ते बदलून 'स्मॉल' केलं आणि ८० हर्ट्झच्या खालचं सगळं वूफरकडे वळवलं. स्पीकरच्या पाच इंची पडद्याकडून ढोल वाजवून घ्यायची काय गरज? इतक्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला फारसं समजतही नाही, त्यामुळे वूफर बाजूला असला तरी चालतो.

संध्याकाळी सिनेमा लावला. नवऱ्यासाठी हेलिकॉप्टर डावीकडून उजवीकडे गेलं. आईंनी कानावर पदर घेतला.

त्यांचं काय चुकलं? डावा सराउंड सोफ्यापासून साडेसात फुटांवर आणि आईंच्या कानापासून अडीच फुटांवर. यंत्रानं पातळी सोफ्यासाठी जुळवलेली. अंतर एक तृतीयांश झालं की आवाज नऊ-दहा डेसिबलनं चढतो. सोफ्यावर जी पावसाची भुरभुर होती, ती खुर्चीत धो-धो होती, आणि तिच्याआड माणसं बोलत होती. दुसऱ्या दिवशी सराउंडची पातळी उतरवली तर सोफ्यावर ते असून नसल्यासारखे झाले.

आणि सराउंड बंद करूनही आईंचं "ह्यो काय म्हणाला" थांबेना. तेव्हा मात्र मला धंद्याचा राग आला. सेंटर स्पीकर असतोच कशाला? सिनेमाच्या मिश्रणात संवाद जवळजवळ सगळे मधल्याच वाटेवर असतात. दोनच स्पीकर असले तर मधला आवाज हा भास असतो. दोन्ही बाजूंनी सारखाच आवाज आला की डोकं तो मध्ये आहे असं धरतं. पण तो भास मधोमध बसलेल्यापुरता. बाजूला बसलेल्याला जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो आणि सगळे संवाद तिथूनच आल्यासारखे वाटतात. शिवाय प्रत्येक कानाला दोन्हीकडचा आवाज अगदी किंचित मागंपुढं मिळतो आणि २००० हर्ट्झच्या आसपास एकमेकांना खातो. २००० म्हणजे आईंचा आलेख जिथं घसरायला लागतो तीच जागा. आधीच दुष्काळ आणि त्यात तेरावा महिना.

इथं एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. श्रवणचाचणीचं यंत्र ज्यांच्यामुळे रुळलं ते बेल लॅब या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेचे हार्वी फ्लेचर आम्हाला अभ्यासाला होते. त्याच फ्लेचरच्या मंडळींनी १९३३ साली फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तोही तीन वेगळ्या वाटांनी. डावी, मधली, उजवी. म्हणजे कान मोजणाऱ्या माणसानं मोठ्या सभागृहासाठी दोन नाही, तीनच धरले होते. मी हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग आपला तिसरा का बोलत नाही?"

रास्त प्रश्न होता. एक कारण लगेच सापडलं. मालिका साध्या स्टिरिओत येतात. रिसीव्हर 'स्टिरिओ' मोडवर होता, म्हणजे मालिका चालू असताना सेंटर चक्क झोपलेला! मोड 'डॉल्बी सराउंड' केला की दोन्ही वाटांतलं सारखं असेल ते तो उचलून मध्ये देतो. हे पुस्तिकेत होतं. पुस्तिका कोण वाचतं? मी सेंटरला कान लावून बसले तेव्हा कळलं. एवढ्यानं बराच फरक पडला, पण पुरा नाही.

दुसरं कारण शोधायला मी कामावरची युक्ती घरी आणली. फोनवर माझ्याच आवाजात पंचवीस शब्द भरले. पान, कान, सात, फास, थाप, ताक असे. ते एकाच पातळीवर सेंटरमधून वाजवायचे आणि आईंनी म्हणायचे. ही काही खरी चाचणी नव्हे, पण घरापुरती पुरते. खुर्चीत बसून आईंना पंचवीसपैकी बारा आले. मग मी त्यांना "जरा इकडं बसा" म्हणून सोफ्याच्या मधोमध बसवलं, शब्दांचा क्रम बदलला. अठरा! अंतर जवळजवळ तेवढंच, कान तेच. बदलला होता तो फक्त कोन.

आडव्या सेंटरमध्ये मध्ये ट्वीटर आणि दोन्ही बाजूंना एकेक मोठा स्पीकर असतो. टीव्हीखाली दिसायला तो फार छान दिसतो. समोर बसलेल्याला दोन्ही मोठ्यांचा आवाज एकाच वेळी पोचतो. बाजूच्याला एकाचा आधी, दुसऱ्याचा नंतर, आणि एका ठरावीक पट्टीत ते एकमेकांना पुसून टाकतात. मी हिशेब मांडला. दोन मोठ्यांच्या मध्यांतलं अंतर दहा इंच, आईंची खुर्ची मधल्या रेषेपासून साधारण ३५ अंश बाजूला, तर खड्डा पडतो बाराशे हर्ट्झच्या आसपास. माणसाच्या बोलण्याच्या ऐन मध्यात. म्हणजे आम्ही पैसे मोजून बरोब्बर आईंच्या खुर्चीच्या दिशेला एक खड्डा खणून घेतला होता. दुकानात हे कोणी सांगितलं नाही, कारण दुकानात सगळे मधल्याच खुर्चीवर बसतात.

उपाय दोन होते. एक, सेंटर उभा करणं. टीव्हीखाली बसेना. दुसरा, सेंटर म्हणून पुढच्या दोघांचाच तिसरा भाऊ आणून तो उभा ठेवणं. बुकशेल्फमध्ये ट्वीटर वर आणि मोठा खाली असतो, त्यामुळे बाजूला बसलेल्याचं असं नुकसान होत नाही, आणि तिघांचा गळाही एकच. दुकानदार म्हणाला, एकटा मिळत नाही, जोडीच घ्यावी लागेल. मी म्हटलं, सेंटर परत घ्या. तो म्हणाला, वापरलेला माल आहे. शेवटी सेंटर आम्ही निम्म्या किमतीत कोल्हापूरच्या एका मुलाला विकला. त्याच्या घरी एकच खुर्ची आहे हे विचारून घेतलं. सराउंडची जोडी लेकानं पुण्याला नेली आणि आम्ही बुकशेल्फची दुसरी जोडी आणली. टीव्ही पाच इंच वर चढवावा लागला, भिंतीला जुनी भोकं दिसतात, त्यावर कॅलेंडर लावलंय.

मधला सुरुवातीला शोकेसच्या कप्प्यात आत सरकवून ठेवला होता, तर निवेदक माठात तोंड घालून बोलल्यासारखा. कप्प्याच्या अगदी काठावर ओढला तेव्हा मोकळा झाला. तिथं तो तीन फुटांच्या जरा खाली येतो, म्हणून पुढच्या कडेखाली दोन खोडरबर ठेवून तोंड वर केलं. नटराजची. पातळी तीन डेसिबलनं चढवली. रात्री 'डायनॅमिक' का काय ते चालू करतो, त्यानं मोठं लहान होतं आणि लहान मोठं होतं, म्हणजे आईंच्या अरुंद फटीत जास्त मावतं. नवऱ्याला हे बटण अजिबात आवडत नाही. तो रविवारी दुपारी, आई झोपल्यावर, ते बंद करून त्याचं त्याचं बघतो.

खुर्चीतून पंचवीसपैकी आता एकोणीस येतात.

वूफरची कथा वेगळी. खालच्या पट्टीत खोली स्वतःच वाजायला लागते. सोळा फुटांची लांबी पस्तीस हर्ट्झला, अकराची रुंदी एक्कावन्नला, दहाची उंची छप्पन्नला. या पट्ट्यांवर कुठं ढणढणाट, कुठं शुकशुकाट. आणि भिंतीला टेकलेला सोफा म्हणजे ढणढणाटाचीच जागा. वूफर कुठं ठेवायचा यासाठी जुनी युक्ती अशी, की वूफर सोफ्यावर बसवायचा, एकसारखा ठेका लावायचा आणि आपण गुडघ्यांवर खोलीभर रांगत कुठं तो नीटस ऐकू येतो ते शोधायचं. तिथं वूफर ठेवायचा. नवरा लुंगीवर रांगत होता. आई चहा घेत बघत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "काय हरवलंय व्हय?" जागा सापडली ती टीव्हीच्या भिंतीलाच, डाव्या कोपऱ्यापासून पाच-सव्वापाच फुटांवर. कोपऱ्यात दिसायला बरा दिसला असता, पण तिथं तो दोन भिंती आणि फरशी अशा तिघांना हाताशी धरून बडवतो. खाली रबराची जाड चटई, कारण खालच्या मजल्यावर दहावीची मुलगी आहे. कायद्यानं घरातल्या आवाजालाही हद्दीवर मर्यादा आहे, पण ती मुलगी जिन्यात भेटल्यावर 'काकू, काल काय बघत होता?' विचारते, मला तेवढं पुरतं.

तरी एक खर्रर्र येतच होतं. ठरावीक प्रसंगी, ठरावीक ठोक्याला. नवऱ्याला वाटलं वूफरचा कागद फाटला. गल्लीच्या टोकाला तंबोरे-सतारी करणारे चाचा राहतात, ते आईंच्या तब्येतीची चौकशी करायला वर आले होते. मी फोनवरून खालून वर चढत जाणारा सूर सोडला होता. वीस, पंचवीस, तीस... चाळिसाच्या जवळ खर्रर्र. चाचांनी हातानं थांब अशी खूण केली, उठले, शोकेसजवळ गेले, बोटाच्या पेरानं काचेवर एक टिचकी मारली आणि कान लावला. मग दुसऱ्या काचेवर. वरच्या कप्प्यातली काच खाचेत सैल होती, आत लग्नात आलेली स्टीलची ताटं.

"ताई, तुमच्या कपाटाला जवारी लागलीया," चाचा म्हणाले.

माहीत नसेल त्यांच्यासाठी: तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवतात, तार घोडीला पुसटशी शिवत राहते आणि तो झणझणता आवाज येतो, ती जवारी. चाचांनी खिशातून तसलाच एक दोरा काढला, बघितला, परत ठेवला, आणि मला जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा आणायला सांगितला. घडी करून खाचेत घट्ट बसवला. "आम्ही जवारी यावी म्हणून धागा घालतो, तुम्ही जावी म्हणून घालताय." पुन्हा सूर सोडला. चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. गप्प. जाताना त्यांनी मधल्या स्पीकरकडे बोट दाखवून विचारलं, हा किती रुपयांचा? नवऱ्यानं सांगितलं. चाचा काही बोलले नाहीत, नुसता भोपळा वाजवून बघतात तशी त्याच्या डोक्यावर टिचकी मारली आणि मान हलवली. चांगलं की वाईट ते कळलं नाही.

तर आमच्याकडे आता ३.१ आहे. दुकानाच्या यादीत असलं काही सहसा नसतं, दुकानदार त्याला 'अर्धवट सिस्टिम' म्हणाला. रिसीव्हरवर चार जोडण्या रिकाम्या आहेत. नवऱ्याला अधूनमधून उचकी लागते, मग तो कमानीच्या खांबावरचं ब्रॅकेट काढू देत नाही. हॉलमध्ये सोफा मध्ये ओढता येत असेल, दोन्हीकडे भिंती असतील आणि सगळ्यांचे कान तीस वर्षांचे असतील तर खुशाल ५.१ करा, मीही केलं असतं. सराउंड नंतर कधीही लावता येतात. मधल्यावर पैसे वाचवू नका आणि तो घेण्याआधी घरातली सगळ्यात बाजूची खुर्ची कुठली ते बघून ठेवा. एवढं मी कामावर येणाऱ्यांनाही सांगते, विचारलं तर.

आई अजूनही मध्येच विचारतात. पण परवा विचारलं ते, "ह्यो असं का म्हणाला?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मालिका लिहिणाऱ्याकडेही नसावं.

दुसऱ्या जोडीतला चौथा स्पीकर उरला. नवऱ्याचा विचार तो कपाटात, थर्माकोलसकट, नीट गुंडाळून ठेवायचा होता. आईंना त्यांच्या पलंगाशी बऱ्याच दिवसांपासून एक छोटं टेबल हवं होतं. त्यांनी तो आडवा केला, वर क्रोशाचा रुमाल घातला आणि त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला. नवरा रोज रात्री जाऊन तांब्या खाली ठेवतो. सकाळी तो पुन्हा वर असतो.